ताडपत्रीच्या थैलीतले दयाळ

रत्नपाल रोज सकाळी नळाला हात लावायच्या आधी त्याला हाताच्या पाठीनं शिवून बघायचा. बोटं किंचित आत वळवायची, मागची बाजू हलकेच टेकवायची, आणि काही झालं नाही की मगच चावी फिरवायची. वायरमनच्या हाताला ही खोड असतेच. तळहात टेकवला आणि लोखंडात करंट असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. हाताची पाठ टेकवली तर हात आपोआप मागं येतो. पंधरा वर्षं तो हे खांबावर, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर, मोटारीच्या पेटीवर करत आला होता. होळीनंतर मात्र ही खोड घरात शिरली. नळ, पत्र्याचं दार, शेळीची साखळी, लेक साक्षीची सायकल. एकदा बायकोनं, राणीनं, पुढं केलेल्या चहाच्या स्टीलच्या पेल्यालाही त्याची बोटं उलटी शिवली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा कपबशीतून यायला लागला.

साखरा गावात रत्नपालला झिरो वायरमन म्हणत. खरा लाइनमन प्रेमसिंग. पण त्याच्याकडं सात गावं, आणि सात गावांत मिळून त्याचा एकच जीव. मग प्रत्येक गावात त्यानं एकेक हाताखालचा माणूस धरलेला. ना नोकरी, ना हुद्दा, कुठल्या कागदावर नाव नाही, म्हणून झिरो. गावातली पोरं त्याला बघून म्हणायची, "कागदावर झिरो, खांबावर हिरो." रत्नपाल हसायचा. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं. वादळात तार तुटली, डीपीचा फ्यूज उडाला, की लोक आधी त्याच्याच दारात येत.

त्याचा एकच कडक नियम होता. परमिट घेतल्याशिवाय चढायचं नाही. परमिट म्हणजे उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावून आपल्या भागाची लाइन बंद करून घ्यायची. ऑपरेटर वहीत नाव लिहितो, आणि त्याच माणसानं काम संपवून खाली उतरून परमिट परत दिलं की मगच पुन्हा लाइन सोडतो. गावोगावचे उतावळे मात्र शेताची लाइन नसली की तसेच चढत. शेतीपंपाची लाइन आठवडाभर दिवसा असते, आठवडाभर रात्री. रातपाळीचा आठवडा असला की दिवसा तारा मेलेल्याच, मग परमिट कशाला, असा त्यांचा हिशोब. रत्नपाल त्यांना भर चौकात झापायचा. "तार काय तुमची सोयरी हाय का, सांगून यायला?"

आणि होळीच्या आदल्या दिवशी तो स्वतः तसाच चढला. फोनला रेंज नव्हती, ऊन चढत होतं, काम पाच मिनिटांचं होतं. रातपाळीचा आठवडा त्यानं बोटांवर मोजला होता, बराबर मोजला होता. फक्त त्या आठवड्यात पाळी मधेच बदलली होती आणि ते साखऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पक्कड तारेला लागली तेव्हा कुणीतरी खांद्यात पहार घातल्यासारखं झालं. पुढं त्याला आठवत होता तो फक्त तुराट्यांचा ढीग, त्यात रुतलेली पाठ, आणि वर निळं, अगदी स्वच्छ आभाळ.

तुराट्या होत्या म्हणून वाचला. लोकांना त्यानं सांगितलं, पाय घसरला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती ती राणीनं बघितली. हळद लावताना तिनं एवढंच विचारलं, "परमिट घेतलं व्हतं का?" त्यानं हळदीचा हात मागं ओढून घेतला.

मुरगळलेल्या पायावर तीन आठवडे निघाले. पाय बरा होत होता तसतसा तो जास्त लंगडत होता, हे त्याला कळत होतं. ओसरीत खुंटीला त्याची हत्याराची थैली टांगलेली होती. जुन्या ताडपत्रीची, त्यानंच दाभणानं शिवलेली. आत पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे. येता-जाता तो तिच्याकडं बघत नसे. बघितलं की तळहाताला घाम सुटायचा, आणि घामेजल्या हाताला करंट जास्त धरतो हे आठवून आणखी सुटायचा.

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी विहारावर लाइटिंग करायची म्हणून मंडळी दारात आली. आता नाही म्हणायला जागा नव्हती. दरवर्षी तोच करायचा. बाहेर लोक थांबलेले, आत माय मालनबाई खाटेवर बसून बघतेय. रत्नपाल खुंटीपाशी गेला, थैलीच्या तोंडाशी हात नेला, आणि आतून काहीतरी फडफडत थेट त्याच्या तोंडावर आलं.

तो किंचाळला. बाईमाणसासारखा किंचाळला, असं पुढं त्याच्या मेव्हण्यानं, हरिचंदनं, गावभर सांगितलं. पत्र्याच्या कडेवर एक राखाडी पाखरू जाऊन बसलं होतं, शेपटी उभी करून चर्र चर्र ओरडत होतं. तारेवर त्याचा काळा-पांढरा नर. मालनबाईनं उठून थैलीत डोकावलं.

"अरे, अंडी हायेत की. चार! बाळंतीण बसली तुह्या थैलीत अन् तू भिऊन राहिला तिला."

निळसर हिरवी अंडी, वर तांबडे ठिपके. पक्कडीच्या दोन मुठींमधल्या जागेत गवत, मुळ्या, शेळीचे केस रचून वाटी केलेली. रत्नपालनं ती बघितली आणि थैलीजवळचा हात मागं घेतला. तो मंडळींकडं वळला तेव्हा त्याचा आवाज स्थिर होता.

"आता कसं करावं? थैली हलवली तर आई परत येत न्हाई. पिलं उडेपर्यंत मला हात लावता यायचा न्हाई."

मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. म्हातारा कोंडीबा म्हणाला, "बरोबर हाय. जीव हाय." तेवढ्यात राणीचा भाऊ हरिचंद पुढं झाला. गावातच वेल्डिंगचं दुकान होतं त्याचं. घरात बायको सपना आणि दीड वर्षाचं लेकरू. उंच, हलका, आणि कशालाही न भिणारा. "दाजी, तुमी अंडी उबवा. खांब मी बघतो."

सगळे हसले. रत्नपालही हसला.

पाखराचं नाव साक्षीनं शाळेतून आणलं. "पप्पा, याला दयाळ म्हणतात. सर म्हणले, हे भिंतीच्या भोकात, पायपात, कुठंबी घर करतं." दयाळ हे नाव दोन दिवसांत गावभर झालं, पण ते पाखराला न चिकटता रत्नपाललाच चिकटलं. चौकात गेला की कुणीतरी म्हणे, "या दयाळ." कुणी थट्टेनं म्हणे, बरेच जण खरंच मानानं. तांड्यावरची मोतीबाई, जिच्या शेतातल्या डीपीचं रोज काहीतरी बिघडायचं, ती मुद्दाम वाट वाकडी करून आली.

"काहो रत्नपाल, बाळंतीण हाय म्हणं घरात?"

"पाखरू हाय, मोतीबाई."

"मंग बारसं कवा? माह्या मोटारीले सांगून ठेवते, बारशापर्यंत दम धर म्हणून."

राणी चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होती. मोतीबाई गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "गावात दुसरी पक्कड भेटत न्हाई का?"

"त्या पक्कडीला हात बसलेला हाय माझा."

"हात कुठं बसला ते ठाव हाय मला." तिनं भाकर तव्यावर टाकली. "पर हरी चढून राहिला, ध्यानात ठेवा. त्याला कायबी येत न्हाई. फक्त भ्या वाटत न्हाई, तेवढंच."

ती फक्त तेवढंच बोलली. त्यानंतर त्याची दुपारची झोप गेली. हरिचंद रोज कुठंतरी चढत होता. कधी गावठाणातला खांब, कधी नदीकाठची डीपी. संध्याकाळी येऊन ओसरीत बसायचा आणि सांगायचा, कसं पटकन उरकलं. रत्नपाल विचारायचा, "परमिट घेतलंस ना?" हरिचंद म्हणायचा, "व्हय व्हय." त्या दोन व्हयांच्या मधे जी जागा होती तिच्याकडं रत्नपालला बघवत नव्हतं. हरिचंद गेला की तो उठून थैलीच्या खुंटीला बोरीची काटेरी फांदी नीट खोचायचा. एक बोका पत्र्यावरून फिरायचा. त्याच्या पायरवानंही रत्नपाल दचकून बाहेर यायचा. मालनबाई शेजारणीला सांगे, "माझं लेकरू पाखरापायी जेवत बी न्हाई धड."

अंडी फुटली. डोळे मिटलेले, उघडे, नखाएवढ्या चोचींचे चार गोळे. साक्षी खुर्चीवर चढून रोज खबर द्यायची. आज डोळे उघडले. आज पंखांवर काड्या आल्या. आज एकानं दुसऱ्याला ढकललं. रत्नपाल खालून विचारायचा, "उडतील का लवकर?"

"आठ-दहा दिस तरी न्हाई."

"बरं," तो म्हणायचा, आणि ते "बरं" ऐकून साक्षीला वाटायचं आपल्या पप्पाला पाखरांचा किती लळा लागला आहे. चार पिलांनी कधीच मोठं होऊ नये असं आपण मनातल्या मनात म्हणतो आहोत, हे त्याला एकदा दाढी करताना आरशासमोर लख्ख कळलं. वस्तरा गालावर तसाच थांबला.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली. खीर शिजत होती. पंचशील घेताना तो मालनबाईच्या शेजारी बसला होता. जीवहत्या न करण्याचं पहिलं शील सगळ्यांच्या मागून तोही म्हणाला. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. वंदनेनंतर कोंडीबा उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आपल्यातच एक उदाहरण हाय. आयुष्मान रत्नपाल. चार जीवांसाठी या माणसानं आपला कामधंदा सोडला. उभं ऱ्हा बाबा, लोकायला दिसू दे."

तो उभा राहिला. टाळ्या वाजल्या. मालनबाईनं डोळ्याला पदर लावला. मागच्या रांगेत राणी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण हात मात्र मांडीवर जुळवलेलेच होते. तिच्या शेजारी सपना लेकराला खीर भरवत होती. रत्नपालची नजर त्या लेकराच्या खिरीनं माखलेल्या हनुवटीवर गेली आणि तिथून त्याला हलवता येईना.

दोन दिवसांनी पहाट संपता संपता पिलं गेली. घरात कुणी उठलं नव्हतं. नर समोरच्या तारेवर बसून बोलावत होता, लांब शीळ, मधे थांबून पुन्हा शीळ. एक पिलू थैलीच्या काठावर आलं, डगमगलं, आणि पडल्यासारखं उडालं. मग दुसरं. तिसरं बराच वेळ काठावर बसून राहिलं. त्याची छाती धडधडत होती ती रत्नपालला खाटेवरून दिसत होती. "बस, बस तसंच," तो पुटपुटला. तेही गेलं. चौथं केव्हा गेलं ते त्याला कळलंच नाही.

त्यानं उठून आपली खांद्यावर टाकायची दस्ती झटकली आणि थैलीच्या तोंडावर पसरली. राणी बाहेर आली तेव्हा म्हणाला, "ऊन लागून राहिलं पिलायला." साक्षी खुर्ची आणायला गेली तर तिला म्हणाला, "आता बघू नको, बुजतात." आयुष्यात कुणाशी बोलला नसेल इतक्या सरळ आवाजात बोलला. त्या दिवशी कोंडीबानं रस्त्यात विचारलं, तर म्हणाला, "हायेत अजून, दोन-चार दिस." नर दयाळ येऊन तारेवर बसायचा आणि रिकाम्या थैलीकडं न बघता दुसरीकडंच कुठंतरी बघून गायचा. रत्नपालला वाटे, आता कुणीतरी विचारील, बाप तिकडं काहून बघून राहिला?

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो शेळीला पाला टाकत होता. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघितलं तर राणी खुर्चीवर उभी होती आणि तिचा हात कोपरापर्यंत थैलीत होता. तिनं हात बाहेर काढला. मुठीत थोडं गवत आणि शेळीचे केस.

"रिकामी हाय," ती म्हणाली.

त्यानं हातातला उरलेला पाला शेळीपुढं टाकला.

"किती दिस झाले?"

"तीन."

ती खुर्चीवरून उतरली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. गवत हातात तसंच धरून ती म्हणाली, "हरी आत्ता मोतीबाईच्या डीपीवर गेला. सपनाला सांगून गेला, रातपाळीचा हप्ता हाय, परमिटची तकलीफ न्हाई. रातपाळीचा हप्ता, अहो. तुमी बी तसंच मोजलं व्हतं ना?"

चपला न घालताच तो पळाला.

मोतीबाईचं शेत गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं. रान नांगरून पडलेलं, ढेकळं तापलेली. पळता पळता त्याला डीपीचे दोन खांब दिसले आणि वर मधोमध हरिचंदचा निळा शर्ट. हलत होता. हलतोय म्हणजे जिवंत आहे, असं मनाशी म्हणत तो पळत राहिला. डीपीचा खालचा स्विच दोन वर्षांपासून गंजून जाम होता. खालून लाइन तोडायची सोयच नव्हती. उपकेंद्रातून कुणी लाइन सोडली की ती थेट त्या निळ्या शर्टापर्यंत येणार. खाली मोतीबाई आणि तिचा नवरा उभे होते, दोघांच्या माना वर.

"हरी! खाली ये!"

"या दयाळ," वरून आवाज आला. "पिलं आणली का दाखवायला?"

"परमिट घेतलं का?"

"लाइनच न्हाई दाजी. परमिट कायाला? दोन आटे आवळायचे राहिले."

रत्नपालनं खांबाला हात घातला. तळहातच घातला, थेट. एक पाय पहिल्या अँगलवर ठेवला. त्यानं वर बघितलं. वर तेच आभाळ होतं. त्याचा पाय आपोआप खाली आला, आणि आपण चढू शकत नाही हे त्याला पक्कं समजलं. आज नाही, नंतरही नाही.

"हरी, ऐक माझं. थैलीत पाखरं न्हाईत. तीन दिस झाले उडून. मी होळीला घसरलो न्हाई. मी बी असाच चढलो व्हतो, बिनपरमिटचा, रातपाळी मोजून. मला शॉक बसला. तवापासून मला भ्या वाटतं. पाखराच्या आडून घरात बसलो मी. तुला चढवलं."

वर पान्ह्याचा आवाज थांबला. मोतीबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"एवढंच व्हय? अन् पाखराच्या डोक्यावर कायले टाकलं? सांगायचं असतं की. माही सून पालीले भिते, गावभर सांगते."

तिचा नवरा फिसकन हसला. हरिचंद मात्र हसला नाही. "दोनच आटे राहिले दाजी," तो हळू आवाजात म्हणाला. "तार अशीच सोडून उतरलो तर खाली लोंबल. मोतीबाईची बैलं फिरतात इथून. काय करू ते सांगा."

त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. रत्नपालनं खिशातून फोन काढला. घामानं पडद्यावर बोट उमटेना. शर्टाला पुसलं, पुन्हा दाबलं. रेंजची एकच काडी. तो बांधावर चढला, दोन झाल्या. पलीकडं उपकेंद्रात घंटी वाजत होती. सहा, सात. त्याची नजर निळ्या शर्टावरून हलली नाही.

"कोण? रत्नपाल? अरे, दोन महिने आवाज न्हाई तुहा."

"साहेब, साखऱ्याची शेतीची लाइन बंद हाय का?"

"आत्ता तर बंद हाय. वरून फोन आला का सोडतो. पाच मिनटात येईल न्हाईतर रातच्याला येईल. माह्या हातात हाय का ते?"

"तुमच्याच हातात हाय साहेब. परमिट द्या. माणूस वर हाय."

"वर कोण हाय? तू न्हाई?"

"न्हाई. माझा मेव्हणा हाय, हरिचंद. मी चढत न्हाई आता." मोतीबाई ऐकत होती, तिचा नवरा ऐकत होता. ओढ्याकडून राणी साडी वर खोचून धावत येत होती, आणि तिच्या मागं लेकरू कडेवर घेतलेली सपना. "मी खालीच उभा हाय."

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "बरं. बंद ठेवली. पर तुहं नाव लिहिता येत न्हाई, ठाव हाय ना? प्रेमसिंगचं लिहितो."

रत्नपालनं हरिचंदला हात वर करून खूण केली. पान्हा पुन्हा वाजायला लागला.

"नाव कुणाचंबी लिवा साहेब. पण काम झालं का फोन मीच करीन. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आला तर लाइन सोडू नका."